पाखरं मोजणारी फिजा

उन्हाळी संशोधन शिबिराची यादी लागली, त्यात करुणाचं नाव नव्हतं. त्याच दुपारी तिचा बाप उकंडा झरीच्या बसथांब्यावर उभा होता. पुढं दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

"शहनाजची फिजा चालली ना पुण्याले. महिनाभर प्रयोगशाळेत!"

"असं काय केलं तिनं?"

"कपाशीवरच्या बोंडअळीची पाखरं, ते पतंग, मोजली. रोज सकाळी, वहीत लिहून."

"पाखरं मोजून पुणं भेटते? आमच्या विक्कीनं तं लाइटवाला ज्वालामुखी केलता!"

"तो तं तुह्या भावानं यवतमाळहून आणलता."

"रंग त्यानंच मारला ना! अन् शहनाज कशी मिरवून राह्यली, जशी तिनंच मोजली पाखरं."

"जळू नको ममता. निवडपरीक्षेत मुकुटबनची एक पोरगी फिजाच्याही वर होती म्हणे. तिचा फॉर्मच नाही पोचला."

"काहून?"

"माय वारली तिची दिवाळीत. बापानं सही नाही केली."

"मंग भाकरी कोण थापन? चाल, बस आली."

उकंडा बसमध्ये चढला नाही. फॉर्म पाठवला, असं त्यानं करुणाला सांगितलं होतं. तो अजून दिवाळीत वारलेल्या बायकोच्या, सत्यभामाच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली होता. पोरीला खरं सांगायचं राहिलं होतं.