कॅलेंडरावरचा ‘उ’

मंडळी, आजच्या कीर्तनात मी घराघरांत भांडण लावायला आलेय! हसू नका. आधी मला एक सांगा — राग येणं हे पाप, की दुखणं?

त्या खांबाला टेकलेल्या काकू म्हणतायत, “पाप!” आणि शेजारी बसलेली त्यांची सून? बघा, मान खाली! पेटीवाले काका, तुम्ही गप्प बसा. तुमचं उत्तर तुमच्या घरच्या काकू नंतर घेतील!

ऐका तर.

साखर कारखान्याच्या एका गावात केतकी नावाची सून. बी.एस्सी. झालेली, हाताला चव, गळ्यात सूर. नवरा अभय कारखान्यात, घरात सासू मालनबाई आणि चार वर्षांची लेक तनू. सुखाचं घर! पण महिन्यातले वीस दिवस हं. उरलेल्या आठ-दहा दिवसांत केतकीला केतकी ओळखू यायची नाही. दूध उतू गेलं — रडू! भांडं पडलं — आकाश कोसळलं! छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड. आणि पाळी आली, की दोन-तीन दिवसांत पुन्हा हसरी, गाणारी! मालनबाई शेजारणीला सांगायच्या, “गुणाची आहे हो, पण मधूनच अंगात येतं!”

एक दिवस तनूच्या हातून पेला सांडला. केतकी अशी ओरडली, अशी ओरडली, की पोर ओट्याखाली जाऊन बसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? दारातच थांबली. तिथूनच विचारते —

“आई, आज जवळ येऊ?”

मंडळी! पोटचं लेकरू, आणि आईच्या जवळ यायला परवानगी मागतंय!

केतकीच्या मनात आलं, हिला माझ्यापासूनच वाचवायला हवं. आपण निघून जावं. कायमचं.

पण बाई शहाणी! निघाली खरी — कुठं? गच्चीवर! हातात पापडांचं ताट, पदराखाली फोन. घरात रेंज नाही ना! पाण्याच्या टाकीमागे एक पाय वर केला, की दोन रेघा येतात. तिथून तिनं फोनवर तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलेली. पडद्यावर आल्या डॉक्टर सबनीस, मानसोपचाराच्या.

“बोला केतकी. मागून कोण बोलतंय?”

“कावळा आहे, मॅडम. पापड राखतेय.”

त्या हसल्या. मग हळूच विचारलं, “जीव नकोसा होतो का?” तेव्हा केतकी रडली. खरं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी घाई केली नाही. म्हणाल्या, “तसा विचार पुन्हा आला, तर वेळेची वाट बघायची नाही, ताबडतोब फोन करायचा. गावातल्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आणि दोन महिने रोज संध्याकाळी लिहून ठेवा, दिवस कसा गेला.”

वहीवर तनू चित्रं काढते. म्हणून केतकीनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर धरलं. चांगला दिवस ‘च’. उदास दिवस ‘उ’.

आता आपल्या घरात कॅलेंडरावर ‘उ’ म्हणजे काय हो? बरोब्बर! पहिला महिना कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या महिन्यात मालनबाईंनी चष्मा लावला, आणि —

“काल उपवास होता? आणि तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास?”

केतकी भांडी घासायला वळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘उ’. तिसऱ्या दिवशी मालनबाईंनी भगर आणि दाण्याची आमटी समोर ठेवली! चौथ्या दिवशी रताळी! पाचव्या दिवशी सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. “अगं, मंगळवार नाही, चतुर्थी नाही, हा कुठला देव पाच-पाच दिवस उपाशी ठेवतो?”

आणि केतकीचा बांध फुटला. “आई, उपवास नाही हो तो! उदास! उदास आहे मी!”

भगर निवत राहिली. मालनबाई उठल्या, कॅलेंडराचं मागचं पान उलटलं, बोट फिरवायला लागल्या. सलग आठ ‘उ’. मग पाळीची खूण. मग ‘च’, ‘च’, ‘च’. आताच्या पानावर पुन्हा ‘उ’ची रांग.

“हे दर महिन्याला?”

“हो.”

मालनबाई पाटावर बसल्या. “मला सगळे कजाग म्हणायचे. तुझे सासरेसुद्धा. मलाही वाटायचं, देवानं मला स्वभावच वाईट दिला. पण माझेही दिवस असेच यायचे गं… मी कधी मोजले नाहीत.”

पुढच्या वेळी गच्चीवर दोघी! एकीच्या हातात फोन, दुसरीच्या हातात कावळ्यांसाठी काठी. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट आणि केतकीनं पाठवलेल्या फोटोतलं कॅलेंडर पाहिलं. म्हणाल्या, “याला पीएमडीडी म्हणतात. पाळीआधी अंगात जे बदल होतात, ते काही जणींच्या मेंदूला सोसत नाहीत. हा स्वभाव नाही. यावर औषध आहे.”

मालनबाईंनी मध्येच डोकं घातलं. “डॉक्टरीणबाई, गोळीनं माझी सून गुंगून पडणार नाही ना?”

“नाही पडणार. काही त्रास वाटला तर मला कळवा. दर महिन्याला आपण बोलू.”

जादू नाही झाली हं! पहिला आठवडा मळमळ. पहिल्या महिन्यात ‘उ’ सहा. दुसऱ्यात तीन, आणि तेही फिके. राग येई, पण तिच्या आधी घरभर धावत नसे.

एका सकाळी केतकी भाकरी थापत होती. मागून धाडकन काहीतरी पाठीवर आदळलं. तनू! गळ्यात हात टाकून लोंबकळतेय! न विचारता! तव्यावरची भाकरी करपली, मंडळी, पण केतकीनं तिला खाली उतरवलं नाही.

त्याच संध्याकाळी मालनबाई कॅलेंडरापाशी थबकल्या. “केतकी! अगं आज ‘उ’? काय झालं बाळा? फोन लावू का डॉक्टरांना?”

“आई,” केतकी हसत म्हणाली, “आज खरंच एकादशी आहे!”

तर माझ्या मायबापांनो, देवाला फुलं वाहिलीत, छान केलंत. आता घरी जा, आणि ज्या बाईला तुम्ही तापट म्हणता, तिचे दिवस जरा मोजा. खांबापाशी बसलेल्या काकू, सुनेचे मोजा — आणि जमलं तर स्वतःचे गेलेलेही आठवा. ते सगळं पाप नव्हतं हो!

झांजा उचला! पण आधी, मान खाली घातलेली ती सूनबाई — वर बघ गं. हं! आता म्हणू या देवाचं नाव.