सोमवारची बुद्धपौर्णिमा

…आणि सुट्टी मिळाली कुणाला? जयदीपला! राजनला! देवदत्तला! इथे परदेशात, अख्ख्या मार्कहॅमच्या ऑफिसात ज्याच्या घरी बुद्धपौर्णिमा होते असा एकटा मी, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता त्या तिघांचे फोन उचलत बसला होता कोण? तोही मीच! लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात एक नियम आहे. वर्षातून एक दिवस आपापल्या धर्माच्या सणाची सुट्टी घ्यायची, फॉर्मवर सणाचं नाव लिहायचं, आणि सण शनिवार-रविवारी आला तर त्याच्या बदल्यात सोमवार. किती साधं! चौदा वर्षं मी काय लिहिलं? दिवाळी. का? तर सगळे देशी लोक दिवाळी लिहितात म्हणून. सुनंदा, म्हणजे आमच्या मिसेस, दरवर्षी माझ्या खांद्यावरून फॉर्म वाचायची आणि म्हणायची, "काहून हो, बुद्धपौर्णिमा लिहायला हात दुखते का तुमचा?" मी म्हणायचो, "अगं, एचआरला समजावत कोण बसणार?" एचआरला! एचआरला काय पडलंय हो? तिथे नुसती तारीख विचारतात. विचारतो तो आपला माणूस. "नागपूरचे का? वा वा! नागपुरात कुठे?" इंदोरा, म्हणजे आमची बौद्ध वस्ती, म्हटलं की समोरच्याचा चेहरा अर्धा सेकंद थांबतो… अर्धाच, पण मला तो दिसतो. म्हणून मी काय म्हणायचो? "स्टेशनपासून जवळच." अहो, विचारा कुणालाही, नागपुरात प्रत्येकाचं घर स्टेशनपासून जवळच असतं!

बरं, ही काही लपून बसणारी बाई नव्हती. पौर्णिमेला पांढरी साडी, बेसमेंटमध्ये बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, आणि पातेलंभर खीर. आणि खीर केली की ती शेजारी जयदीपकडे जाणारच! जयदीपची बायको यामिनी दारातच विचारायची, "अय्या, आज खीर कशाबद्दल?" आणि हिनं तोंड उघडायच्या आत मी, "हिचा वाढदिवस!"

झालं! आता पौर्णिमा काय एका तारखेला येते? एका वर्षी नऊ मे, पुढच्या वर्षी सत्तावीस, त्याच्या पुढच्या वर्षी सतरा! दोन वर्षं यामिनीनं मुकाट्यानं हॅपी बर्थडे म्हटलं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "सुनंदावहिनी, तुम्ही वाढदिवस तिथीनं करता वाटतं? किती छान! आम्ही पुण्याचे असून विसरलो बघा." सुनंदा हसली. घरी येऊन दार लावलं आणि मला विचारते, "किती वर्षांची झाली मी यंदा?" लाज वाटते सांगायला, पण सांगतो… मी खरोखर वय सांगितलं हो!

त्याच ऑक्टोबरात ती गेली.

जानेवारीत फॉर्म आला. खांद्यावरून वाचणारं कुणी नव्हतं. तेव्हा लिहिलं. बुद्धपौर्णिमा, सहा मे, रविवार, म्हणून सोमवारची बदली सुट्टी. असं बघा, चौदा वर्षं जो हात दुखत होता तो अर्ध्या मिनिटात मोकळा झाला. पण फॉर्म प्रिंटरवर राहिला! आणि तो उचलला जयदीपनं.

"रवी, हे काय रे? बुद्धपौर्णिमा? तू?"

आता बोलायचं ना माणसानं? बोललो की! काय बोललो? "अरे, यंदा दिवाळी मंगळवारी येते, ती पण नोव्हेंबरच्या थंडीत. यात मे महिन्यात लाँग वीकेंड मिळतो."

"काय डोकं आहे रे तुझं!" म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसात चार बौद्ध!

एचआरची बीआट्रिस वसईची. ती फसते होय? चौघांना खोलीत बसवलं. "काय हो, सगळे दिवाळीवाले एका दिवसात बौद्ध झाले? एकेकानं सांगा बघू, काय करता त्या दिवशी?" जयदीप गूगल वाचून आलेला. "पंचशील पाळतो. पाचही!" राजन म्हणाला, "ध्यान." देवदत्त, कोंबडीशिवाय ज्याचा घास उतरत नाही तो, म्हणे, "मी त्या दिवशी अंडंसुद्धा…" आणि मी? लहानपणापासून विहारात बसून त्रिशरण-पंचशील म्हटलेला माणूस! म्हटलं, "खीर… खीर करायची."

"कोण?"

"बायको."

आणि जयदीप, मदतीला धावला हो, अगदी प्रेमानं, "अरे रवी, ती खीर वहिनींच्या वाढदिवसाची!"

बीआट्रिस माझ्याकडे बघतेय. एक वाक्य म्हणायचं होतं मला, एवढंसं. लाज वाटते सांगायला, पण सांगतो. मी म्हणालो, "हो… वाढदिवसाचीच." ती या जगात नाही, आणि तिचा खोटा वाढदिवस मी एचआरमध्ये पक्का करून आलो.

"रवी, तुमची सुट्टी नामंजूर," बीआट्रिस म्हणाली. "पण खरं बोललात, बरं वाटलं."

खरं!

रविवारी खीर मीच केली. तळाला लागली. शेजारी नेऊन द्यायला तोंड नव्हतं, तीन दिवस एकटाच खात होतो. सोमवारी फोन उचलले. मंगळवारी जयदीप आला, नाक उन्हानं लालबुंद, आणि मोबाइलवर फोटो दाखवतोय… मासे! पाचही शीलं पाळणाऱ्यानं बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत तळ्यावर जाऊन चार मासे पकडले! तिथे माझं काहीतरी तुटलं. उठलो. त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"जयदीप, मी बौद्ध आहे. खराखुरा. घर इंदोऱ्यात. ती खीर वाढदिवसाची नव्हती, कधीच नव्हती. ती पौर्णिमेची होती, आणि मी तुझ्यासमोर सुनंदाला कधी बोलू दिलं नाही."

त्यानं हातातली कॉफी खाली ठेवली. मग दाणकन खांद्यावर थाप!

"क्या बात है, रवी! हा आवाज, हे डोळ्यांतलं पाणी… हे सगळं बीआट्रिससमोर कुठे गेलं होतं रे? पुढच्या वर्षी अस्संच सांग, सुट्टी कुठे जात नाही!"

मी म्हटलं, बरं. पुढच्या वर्षी पौर्णिमा शनिवारी आहे म्हणे. तोवर असाच, भेटेल त्याला धरून सांगत असतो… प्रॅक्टिस चालू आहे.