टॉनिकचे तीन महिने

टॉनिक लगेच लागू पडतं म्हणता? आमचं ऐका. ऐंशीच्या सुमारास आम्ही वाशीला नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. जिना चढताना बायकोला चक्कर यायची. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं, रोज जेवणानंतर दोन चमचे. "फरक दिसायला तीन महिने लागतील," म्हणाले.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर रक्त होतं तेवढंच.

"रोज घेत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उरलं तर घ्यायचे," ती म्हणाली. "गोड असतं ना. जेवणं झाली की आधी मुलं घेतात, मग सासूबाई, मग हे. मी जेवते सगळ्यांच्या शेवटी."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला मात्र छान मानवलंय हो!"