चौतिसावी फाईल

हे मी सीतारामरावांच्या तोंडून ऐकलं : रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी साडेदहाच्या सुमारास, तंजावुरात त्यांच्या घरी, संगणकासमोर बसून. त्यांच्या आई चंद्रमतीबाई मराठी कीर्तनं करत. त्या कीर्तनांच्या चौतीस कॅसेटी रावांनी संगणकावर उतरवून इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवल्या होत्या. माझ्याकडे त्यांचं डाउनलोड सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकलं होतं, म्हणून गेलो होतो. त्यांचं बोलणं परतल्याबरोबर, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं; 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, ही त्यांची मला हाक.

— नाही नाही, तुमच्या कॉम्प्युटरात दोष नाही, तंबी, सगळ्यांचं तिथंच अडकलंय. एक्केचाळीस लोक! बघा की — हा मलेशियात, हा पुण्यात, हे दोघं कुंभकोणात — सगळे सत्त्याण्णव. करंट जातो म्हणून सांगतो मी. जातो की! म्हणजे, कधीकधी जातो. वत्सला काय म्हणते ठाऊक आहे? वत्सला म्हणजे माझी धाकटी बहीण, पापनाशमला असते — म्हणते, "अण्णा, पस्तीस वर्षं करंटच्या ऑफिसात होतास, आणि करंट तुझ्याच घरचा जातो का रे?" रोज फोन. अण्णा, किती झालं? काय सांगू तिला?

हे सगळं तिच्या मुलानं लावून दिलं, रघुरामनं. तेहतीस जीबी, मेलनं कुठं जातंय? तो म्हणाला, मामा, लोक तुमच्या कॉम्प्युटरातून तुकडे-तुकडे घेतील, घेतलेले आपसात वाटतील, तुम्ही फक्त चालू ठेवा. अख्खा फोल्डर एका फटक्यात बांधला त्यानं. मी ऐकून बघितलं का आधी? नाही. आईचंच कीर्तन, जन्मभर ऐकलेलं — त्यात काय ऐकायचं? लिंक गेली सगळीकडे, आणि मग एक दिवस जेवून बसलो आणि चौतिसावी लावली. लावली, आणि तशीच उचलून दुसऱ्या फोल्डरात टाकली. पण यादीत नाव राहिलंच! यादी एकदा बांधली की बांधली, बदलत नाही. सगळ्यांना दिसतंय — चौतीस आहेत, येतात तेहतीसच.

काय आहे म्हणजे? कीर्तनच आहे. सन अठ्ठ्याहत्तर. कीर्तन संपतं, लोक उठतात, टेप चालूच राहतो — कोणाच्या लक्षात नाही. वत्सला एकोणीस वर्षांची, झांजा धरायची. झांजा खाली ठेवून एकटीच शेवटचं पद म्हणते. आईपेक्षा — आईपेक्षा सरस म्हणते, तंबी. मग आत जाते. कुंभकोणचे एक भागवतर, मोठे कीर्तनकार, बसले होते, त्यांचा आवाज येतो, "ही मुलगी माझ्याकडे पाठवा, मी शिकवतो." आणि मग मी. "तिला गळा कुठला? झांजा धरायला ठेवलीय." वर हसतो! स्वच्छ ऐकू येतं. आईच्या मागे कोण, हे ठरायचं होतं तेव्हा. मी तीन वर्षं शिकत होतो. मीच बसणार होतो गादीवर — बसलो कुठं? पुढच्याच वर्षी नोकरी लागली.

तिला? तिला वाटतं भागवतरांनीच नको म्हटलं. कोणी सांगितलं? मी सांगितलं. त्यानंतर ती गायली नाही, पाळण्यापाशीसुद्धा नाही.

कापून? कापून बघितलं. घेतच नाही! रघुरामला उगीच विचारल्यासारखं विचारलं — एक कण बदलला तरी समोरचा कॉम्प्युटर म्हणतो, ही ती फाईल नव्हे. दुसरी लिंक बांधायची तर जुनीचं काय झालं, हे पहिल्यांदा तोच विचारणार. पुसून टाकू? तिचा तेवढाच आवाज उरलाय जगात. बटणावर बोट ठेवतो आणि उचलतो. हरिता, मुलगी माझी, कोइमतूरहून म्हणते, अप्पा, इथं या, एकटे कशाला राहता. कसा जाऊ? घराची दुसरी किल्ली रघुरामकडे असते. मी तिकडे गेलो की हा इथं बसणार, काय बिघडलंय बघायला. दोन मिनिटांत सापडेल त्याला. लग्नाला म्हणून कुठं गेलो नाही सहा महिने. कॉम्प्युटर चालू आहे म्हणतो.

थांबा — तिचाच फोन. हां, वत्सले... नाही गं, अजून तेवढंच... कोण? कोणी नाही, बँकेतून आलेत... हो, हो. ठेव.

अय्यो, तो माउस सोडा! सोडा म्हणतो ना. कोण तुम्ही? काही ऐकलं नाही तुम्ही इथं. उठा.

यादी आणि फाईलींची संख्या मी तपासली. ती बरोबर आहे. ते भागवतर त्या काळी पापनाशम-तंजावूर भागात येत, हेही दोन ठिकाणी कळलं. वत्सलाबाई आईपेक्षा सरस गायल्या का, एवढं मात्र मला कधीच पडताळता आलं नाही. एप्रिलमध्ये पापनाशमला त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी फिल्टर काप्पी दिली, रावांची तब्येत विचारली. एखादं पद म्हणून दाखवा, असं म्हणण्याचं धाडस मला झालं नाही.