शेजारची शेपटी

कान तपासायच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती. आजोबांनी जन्मभर खाणीत सुरुंग लावलेले, मुलगी दगडांतले जीवाश्म शोधणारी. बोलणं मोठ्यानंच चाललं होतं.

“बाबा, तुमच्या खाणीतला दगड फार महत्त्वाचा निघाला.”

“महागाचा?”

“महत्त्वाचा! पृथ्वीवरचे बहुतेक जीव मेले, त्याच्या लगेच नंतरचा. जे वाचले त्यांचे ठसे आहेत त्यात. पण नुसते शिंपले. अख्खा मासा अजून कुणालाच मिळाला नाही.”

“होता की.”

“काय होता?”

“मासा. हाताएवढा. खवलेसुद्धा मोजता आले असते. मुकादम म्हणाला, बोभाटा झाला तर खाण बंद पडेल. तू तेव्हा आईच्या पोटात. लावला सुरुंग.”

“आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तू दगडांचं शिकायला लागलीस, मग तर तोंडच उघडेना. रडू नकोस गं. सुरुंग उडाल्यावर त्याच्या शेजारच्या दगडात आणखी एका माशाची शेपटी दिसली. तिथं मी कुणाला हात लावू दिला नाही. दगड कच्चा आहे, अंगावर येईल, असं सांगत राहिलो. पार निवृत्त होईपर्यंत.”

“बाबा! अजून असेल ती?”

“जाऊन बघायला हवं.”

“थांबा, तुमचा नंबर पुकारला.”

“कान उद्याही बहिरेच असतील. तू गाडी काढ.”