पलंगाखालची हद्द

"न्यायाला सीमा नसते!" दावे घेणाऱ्या खिडकीशी म्हातारे मास्तर गरजले. "धाकट्या मुलानं माझ्या खोलीला कुलूप ठोकलंय!"

रांगेत मागे उभ्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"कोर्टाला सीमा असते, मास्तर," कारकून म्हणाला. "जागा जिथं, दावा तिथं. खोली कुठल्या हद्दीत?"

"हद्दीची रेघ माझ्या पलंगाखालून जाते."

"मग दोन्हीकडे चालेल. कुठलंही एक कोर्ट निवडा."

"म्हणजे चाळीस वर्षं मी कूस बदलली, की कोर्ट बदलत होतं?"

"होय."

"अबब! आणि आमच्या हिला वाटायचं, मी नुसता घोरतो!"

शिंपीणबाईंनी जन्मभर कापडावर रेघा मारल्या होत्या. इतकी जबरदस्त एकही नव्हती.

"मग दावा आमच्याच कोर्टात ना? इथं सही करा," कारकून म्हणाला.

"करतो. तेवढं धाकट्याला फोन करून माझा चष्मा मागता का? आतच राहिलाय."