जीव वाचवणाऱ्याविरुद्ध साक्ष

पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आजचं आख्यान उंच सुरात सांगण्यासारखं नाही.

मंडळी, एक प्रश्न घेऊन उभा आहे. समजा, तुमचा जीव जात होता आणि एका माणसानं तो परत आणला. पुढं त्याच माणसाच्या हातून दुसऱ्या कुणाचं वाटोळं झालं, आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. तर त्याच्याविरुद्ध साक्ष द्याल? की म्हणाल, खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे?

लगेच मान हलवू नका. मागं ते फेटेवाले बाबा हलवतायत — बाबा, अजून गोष्ट व्हायचीय. आधी ऐका, मग हलवा.

पुराणातलं नाही हे. आपल्याच भागातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणता, हां, तिकडची माणसंच तशी — आणि मोकळे होता.

त्या गावात डॉक्टर मोकाशी. गावातला एकच मोठा दवाखाना त्यांचा. हाड मोडो, अपेंडिक्स होवो, साप चावो, मोकाशींकडे. आणि माणूस हुशार, हाताला यश. पूर आला तेव्हा गुडघाभर पाण्यातून घरोघर फिरलेला. मी त्यांना राक्षस म्हणून उभा करणार नाही. राक्षस असते तर आख्यान सोपं होतं. धनुष्यबाण घेतला, मारला, आरती केली. इथं तसं नाही.

त्याच गावात धोंडूअण्णा शेटे. पेठेत किराण्याचं दुकान, देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. एक दिवस अण्णा गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता कोसळले. छाती धरली, डोळे पांढरे. लोक म्हणाले, गेले. तेवढ्यात डॉक्टर धावत आले, दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि अण्णांची छाती दाबत राहिले. घामानं निथळले, पण थांबले नाहीत. श्वास परत आला. शहरापर्यंत ॲम्ब्युलन्समधून स्वतः गेले. तेव्हापासून अण्णा म्हणायचे, "एक देव देवळात, एक दवाखान्यात."

आता तिसरं घर. शैला कोष्टी. घरी शिलाई मशीन, ब्लाउज शिवायची. नवरा उमाकांत एस. टी. डेपोत मेकॅनिक. मुलगी केतकी, चौथीत. उजव्या हातानं चित्रं काढायची, वहीच्या पाठीमागे, भिंतीवर, जागा मिळेल तिथं.

ही केतकी शाळेत घसरगुंडीवरून पडली. मनगटाच्या वर हाड मोडलं. शैलानं रिक्षा केली आणि मोकाशींकडे नेलं. डॉक्टरांनी हाड नीट बसवलं, प्लास्टर घातलं, गालावर टिचकी मारली, म्हणाले, "दीड महिन्यात नवा हात." इथवर कुणाचं काही चुकलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं निकालातही हेच म्हटलं गेलं.

संध्याकाळपासून पोर दुखतंय म्हणायला लागली. शैलानं दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, "सूज असते पहिल्या दिवशी. गोळी द्या." दिली. पोर तळमळत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शैलानं पाहिलं तर प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं निळसर. म्हणाली, "केतू, बोटं हलव गं." हलेनात. आईनं पोर उचलली आणि दवाखाना गाठला.

आणि त्या दिवशी काय होतं? डॉक्टरांचा सत्कार. गावात पंचवीस वर्षं सेवा केली म्हणून देवळाच्या सभामंडपात शाल, श्रीफळ, मानपत्र. मंडप भरलेला. डॉक्टरांना न्यायला गाडी घेऊन कोण आलं होतं? धोंडूअण्णा.

डॉक्टर नव्या कोटात दारातून बाहेर पडतायत आणि पायरीवर शैला.

"डॉक्टर, हिची बोटं बघा. हलत नाहीत."

"सूज आहे ताई. हात उशीवर उंच ठेवा."

"निळी पडलीत हो. नुसती कण्हतेय कालपासून."

"लहान मुलं घाबरतात. परवा आणा, बघतो."

"आत्ताच बघा ना. इथंच, उभ्या उभ्या."

डॉक्टर क्षणभर थांबले. मंडळी, थांबले ते. आता वळतील असं वाटलं. तेवढ्यात गाडीचं दार धरून उभे असलेले अण्णा म्हणाले, "चला डॉक्टर, लोक ताटकळलेत."

आणि डॉक्टर गाडीत बसले.

एक कात्री लागली असती. प्लास्टर उभं चिरलं असतं, आत कोंडलेलं रक्त वाहतं झालं असतं. शाल घ्यायला थोडा उशीर झाला असता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी बोटं काळी आणि प्लास्टरला वास. उमाकांत डेपोतून तसाच आला, अंगावर ग्रीसचे कपडे. आता मात्र डॉक्टरांनी स्वतः प्लास्टर कापलं. आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "जिल्ह्याला न्या. आत्ता."

जिल्ह्याच्या सर्जननं उमाकांतला बाजूला घेतलं. जीव वाचवायचा तर हात ठेवता येणार नाही म्हणाले. कोपराच्या वरून उजवा हात काढला.

जरा थांबू या. पाणी प्या कुणाला हवं तर.

बातमी गावात आली. केतकीच्या मामानं चार पोरं जमवली, दवाखान्याच्या काचा फोडायला निघाला. शैलानं त्याला उंबऱ्यात अडवलं. म्हणाली, "आत बाळंतिणी आहेत. त्यांनी काय केलंय? आणि काच फुटली की तू गुन्हेगार आणि ते बिचारे. मला काच नको. मला उत्तर पाहिजे."

उत्तर काय आलं ऐका. डॉक्टर गावात सांगू लागले, "मी दुसऱ्या दिवशीच दाखवायला सांगितलं होतं. त्यांनी आणलंच नाही. आईबापांनी वेळ घालवला."

माणूस घाबरला की खोटं बोलतो. पंचवीस वर्षांचं नाव एका दुपारीत जातंय असं दिसलं आणि बोलून गेला. पण खोटं एकदा सुटलं की गावभर फिरतं. फिरत फिरत शाळेत गेलं. तिथल्या एका मुलीनं केतकीला सांगितलं. आणि एका सकाळी आई वेणी घालायला बसली, तर लेक मान बाजूला करून विचारते, "आई, तू मला उशिरा का नेलंस?"

शैलाच्या हातात कंगवा तसाच राहिला. म्हणाली, "नेलं होतं गं. तू होतीस ना माझ्या कडेवर."

"मला आठवत नाही."

पोर तापात होती, तिला कुठलं आठवणार? त्या दिवसापासून ती वेणी घालून घ्यायला शेजारच्या काकूंकडे जायला लागली. आईकडे नाही.

हात गेला तेव्हा शैला कोर्टाची पायरी चढली नव्हती. आता चढली. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. पेशंटही ग्राहक असतो, त्याला जाब विचारायचा हक्क असतो, हे तिला एका वकीलबाईंनी सांगितलं. गाव म्हणालं, "डॉक्टर देवमाणूस. देवावर कोण खटला भरतं?" अहो, आपल्या सगळ्या संतांनी भरलाय. विठोबाला काय काय बोललेत ते! कमरेवरचे हात काढ म्हणाले, दगड म्हणाले, वेळेला का आला नाहीस म्हणाले. देवाला जाब विचारलेला चालतो, आणि देवमाणसाला विचारला की पाप?

वकीलबाई म्हणाल्या, "त्या दुपारी तुम्ही पायरीवर होतात, हे बघणारं कोण?" होते की, बाकावर बसलेले पेशंट होते. शैला एकेकाकडे गेली. एकाच्या सुनेला नववा महिना. एकाच्या आईची दर आठवड्याला तपासणी. "ताई, आम्हाला तिथंच जायचंय," म्हणाले. खोटं नाही बोलले. त्यांना तिथंच जायचं होतं.

उरले अण्णा. शैला दुकानात गेली. अण्णांनी तिला पाहिलं आणि नजर काट्याकडे वळवली.

"अण्णा, तुम्ही गाडीपाशी होता."

"पोरी, या छातीत जे धडधडतंय ना, ते त्यांनी दिलेलं आहे. मी त्यांच्याविरुद्ध तोंड कसं उघडू?"

"तुमचा जीव त्यांनी वाचवला. मान्य आहे. रोज हात जोडा त्यांना. पण त्या बदल्यात माझ्या मुलीचा हात द्यायला तुम्ही कोण?"

अण्णा तराजूचं रिकामं पारडं पुसत राहिले.

"मी तुमच्याकडून जास्त मागत नाही. माझी लेक मला विचारते, उशिरा का नेलंस. तिला एकदा सांगा की आई आली होती. कोर्टात नको तर घरी येऊन सांगा."

ती निघून गेली. अण्णांनी दुपारीच दुकान बंद केलं. बायकोला म्हणाले, "ते थांबले होते गं. वळणार होते. मीच म्हणालो, चला." बायकोनं पाट मांडला होता, पण अण्णा जेवले नाहीत. म्हणजे बघा, डॉक्टरांच्या उपकारानं तोंड बांधलं होतं हे अर्धं खरं. स्वतःचा शब्द घशात अडकला होता, हे उरलेलं अर्धं.

सुनावणीला अण्णा उभे राहिले. डॉक्टर समोर बसलेले. डॉक्टरांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही आज जिवंत आहात ते कुणामुळे?"

"डॉक्टरांमुळे."

"तरी त्यांच्याविरुद्ध बोलायला आलात?"

"विरुद्ध नाही. झालं ते सांगायला आलोय. ही बाई पोरीला घेऊन पायरीवर उभी होती. पोरीची बोटं निळी होती. बघा म्हणून तिनं विनवलं. डॉक्टरांनी बघितलं नाही."

"आणि तुम्ही काय करत होता?"

वकिलांना वाटलं, म्हातारा गडबडेल. अण्णा म्हणाले, "मी गाडीचं दार धरून म्हणत होतो, चला, लोक ताटकळलेत. तेही लिहून घ्या."

डॉक्टरांनी मान खाली घातली. केतकी मागच्या खुर्चीत मामाशेजारी बसली होती. ती उठली आणि आईजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा घेऊन आईच्या पुढ्यात आली. निकाल लागायला पुढं खूप वेळ गेला, पण शैलाचा निकाल त्या सकाळी लागला.

आयोगानं काय म्हटलं? सरकारी डॉक्टरांचं मत मागवून म्हटलं की हाड बसवण्यात दोष नाही. सूज येऊन प्लास्टर आवळलं, हेही कुणाच्याही हातून होऊ शकतं. रोगी दगावला की डॉक्टर दोषी, असा कायदा नाही. पण आई धोक्याची खूण घेऊन दारात आली आणि तपासलं नाही, हा हलगर्जीपणा. आणि आई उशिरा आली हे म्हणणं खोटं. डॉक्टरांनी भरपाई द्यावी.

आता तुम्ही वाट बघताय, डॉक्टर शैलाच्या घरी जाऊन पाया पडले असतील. पुराण असतं तर मी पाडलं असतं. गेले नाहीत. आजपर्यंत एका शब्दानं माफी मागितलेली नाही. शैला म्हणते, "मागितली तर क्षमा करीन की नाही, हे मलाच माहीत नाही. पण आधी मागायला तर हवी."

आणि अण्णांचं? ट्रस्टचं अध्यक्षपद गेलं. गिऱ्हाईक तुटलं. लोक समोरून आले की रस्ता बदलायचे. कृतघ्न म्हातारा, म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांच्या छातीत पुन्हा कळ आली. मुलगा म्हणाला, शहरात नेऊ. पण तेवढा वेळ नव्हता. गावात एकच दवाखाना. स्ट्रेचरवरून त्याच पायऱ्या चढवल्या. आत मोकाशी. दोघांची नजरानजर झाली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी उपचार केले. चोख केले. जवळ खुर्ची घेऊन बसून राहिले, दर थोड्या वेळानं नाडी बघत. अण्णा बरे होऊन निघाले तेव्हा डॉक्टर दारात म्हणाले, "काही वाटलं तर फोन करत बसू नका. सरळ या. मी जेवत असलो तरी उठवा. मी बघतो."

रिक्षात बसल्यावर अण्णा ओक्साबोक्शी रडायला लागले. मुलगा घाबरला, "दुखतंय का?" अण्णा म्हणाले, "नाही रे. एवढंच बोलायचं होतं त्यांनी त्या दिवशी."

त्यानंतर वर्षभरात अण्णा वारले. अंत्ययात्रेला माणसं थोडी होती.

डॉक्टर सुधारले का, मला विचारू नका. मला माहीत नाही. कुणी म्हणतं, आता प्रत्येकाला स्वतः तपासतात. कुणी म्हणतं, कोर्टाच्या धाकानं तपासतात. मी म्हणतो, धाकानं का होईना, कुणाच्या पोरीचा हात राहत असेल तर तो धाकही देवाचाच समजावा.

मंडळी, बोट डॉक्टरांकडे दाखवून मी खाली बसणार नाही. तुम्ही उद्या दवाखान्यात जाल. तुमच्या शेजारी कुणाचं पोर कण्हत असेल, आणि आत ओळखीचे, उपकाराचे, मोठे डॉक्टर असतील. तेव्हा उठून म्हणाल का, "माझा नंबर राहू दे, आधी हिला बघा"? आणि नाही बघितलं, तर पुढं जाऊन सांगाल का, की मी तिथं होतो? उपकार फेडायचे तर स्वतःच्या घरातलं देऊन फेडा. दुसऱ्याच्या लेकराचा हात देऊन कसले फेडता?

परवा त्या गावात माझं कीर्तन होतं. शेवटी नामाला मी सगळ्यांना टाळ्या धरायला सांगितल्या. सवयीनं सांगितलं. सगळा मंडप वाजायला लागला. बायकांच्या बाजूला पाहिलं तर शैला आणि तिची लेक. शैलानं स्वतःचा एक तळवा पोरीपुढे धरला होता, आणि केतकी डाव्या हातानं त्यावर टाळी देत होती.

आता नाम घ्यायचंय. ज्याच्या शेजारी कुणी एकटं बसलंय, त्यानं आपला तळवा पुढं करावा.